कॅम्पर व्हॅनच्या विजेचा हिशोब मे महिन्याचा धरावा

छत्रपती संभाजीनगरहून निघून पैठण, अंबाजोगाई आणि तुळजापूर असा चार-पाच दिवसांचा प्रवास राहत्या व्हॅनमधून करायचा ठरला, की बहुतेकांचा पहिला प्रश्न किती अँपिअरची बॅटरी घ्यावी हा असतो. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. आधी दिवसाकाठी किती वीज खर्च होणार, हे काढले पाहिजे. उपकरणाचे वॅट आणि ते चालण्याचे तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास, आणि असे 1000 वॅट-तास म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट.

पाच वॅटचे तीन दिवे चार तास लावले तर 60 वॅट-तास होतात. वीस वॅटचा बारा व्होल्टवरचा पंखा दहा तासांत 200 घेतो. दोन मोबाइलना सुमारे 50, लॅपटॉपला 70 आणि पाण्याच्या पंपाला 15 धरले, तर एकूण 395 वॅट-तास होतात. इथवर अंदाज फारसा चुकत नाही. खरी गफलत फ्रिजच्या बाबतीत होते, कारण त्यावर लिहिलेले 50 वॅट हे कॉम्प्रेसर चालू असतानाचे असतात आणि कॉम्प्रेसर तर थांबून थांबून चालतो.

गेल्या मे महिन्यात नाथसागराच्या काठी मुक्काम असताना मी घड्याळ समोर ठेवून त्याची घरघर मोजली. दुपारी दोन ते तीन या वेळेत तो 42 मिनिटे चालला, तर पहाटे चार ते पाच या वेळेत 26 मिनिटे. तासाला सरासरी 34 मिनिटे धरली तर दिवसाचे 680 वॅट-तास होतात. डिसेंबरात हाच फ्रिज तासाला वीसेक मिनिटे चालतो आणि 400 मध्ये भागवतो. फ्रिजच्या आत 4 अंश तापमान असेल, तर बाहेर 24 अंश असताना फरक 20 अंशांचा असतो, पण 41 अंशांच्या दुपारी तो 37 होतो आणि त्या प्रमाणात उष्णता आत झिरपते. शिवाय आतून उपसलेली उष्णता आधीच तापलेल्या हवेत सोडायची असल्याने कॉम्प्रेसरला प्रत्येक वेळी जास्त कष्ट पडतात. त्यामुळे पंखा न लागणाऱ्या डिसेंबरात दिवसाला 595 वॅट-तास पुरतात, तर मे महिन्यात 1075 लागतात. हिवाळ्यातल्या सहलीवरून बेतलेली बॅटरी उन्हाळ्यात तोंडघशी पाडते ती यामुळेच.

इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी बारा वॅट खात असेल, तर दिवसाचे 288 वॅट-तास कारणाविना जातात. म्हणून मोबाइल थेट बारा व्होल्टवर लावावेत. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून 160 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते, तेव्हा चहा गॅसवरच करावा.

आता बॅटरी निवडता येते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1280 वॅट-तास मावतात, म्हणजे मे महिन्यातला एक दिवस ऊन नसतानाही कसाबसा निघतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने हिताचे असल्याने ती बरीच मोठी घ्यावी लागते.

मराठवाड्यात उन्हाची वाण नाही, तरी सौर पॅनेलला उष्णता मानवत नाही. त्याचे वॅट 25 अंशांवर मोजलेले असतात आणि त्यापुढे दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज घटते. टपावर 65 अंश तापलेले पॅनेल 16 टक्के गमावते. धूळ आणि इतर तोटे मिळून 30 टक्के सोडले, तर सहा तासांच्या भर उन्हात 200 वॅटचे पॅनेल 840 वॅट-तास देते आणि 300 वॅटचे 1260.

मात्र गाडी थंड राहावी म्हणून आपण ती कडुनिंबाखाली लावतो, आणि पॅनेलच्या थोड्या भागावर सावली पडली तरी त्याची वीज फार घटते. उपाय म्हणजे सुटे पॅनेल उन्हात मांडून दहा मीटर वायरने जोडणे. ती वायर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी, कारण दहा अँपिअरच्या प्रवाहाला दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतच दहा टक्क्यांहून अधिक वीज गळते.