स्क्रू नुसताच फिरतोय? जाडा घालू नका

आमच्याकडचा जुना पलंग घरी नेऊन जोडला की आठ-पंधरा दिवसांत फोन येतो, "स्क्रू फिरतो, पण धरत नाही." इथपर्यंत फारसं काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते यानंतर. हार्डवेअरच्या दुकानातून जाडा स्क्रू येतो, त्याच भोकात मशीनने दाबला जातो आणि पलंगाचा खूर, म्हणजे पाय, आमच्याकडे येतो तो चिरूनच.

८ नंबरचा स्क्रू साधारण ४ मिलिमीटर जाड, १० नंबरचा जवळपास ५. फरक एवढासाच, पण खुराच्या टोकाजवळ तो पाचरीसारखा काम करतो. चीर आधी केसाएवढी असते, पॉलिशखाली दिसतही नाही. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड वाळून आकसलं की ती उघडते. मग दुरुस्ती स्क्रूची राहत नाही, खुराची होते.

"एका स्क्रूसाठी पलंग रात्रभर कशाला ठेवता?" असं बरेच जण विचारतात. सैल भोक आम्ही १० मिलिमीटरचं करून साफ करतो आणि लकडगंजच्या लाकूडबाजारातून आणलेल्या सागाची खुंटी फेव्हिकॉल लावून ठोकतो. खुंटीचे रेषे खुराच्या रेषांच्याच दिशेने ठेवतो, म्हणजे स्क्रू रेषांना आडवा जातो आणि पकड घेतो. फेव्हिकॉल पक्का व्हायला २४ तास द्यावेच लागतात. घाई केली तर स्क्रूसोबत खुंटीही फिरते. दुसऱ्या दिवशी ३ मिलिमीटरचं भोक पाडून जुन्याच मापाचा नवा स्क्रू बसवतो. काडेपेटीच्या काड्या कोंबण्याचा उपाय कपाटाच्या लहान बिजागरीला चालतो. माणसं झोपतात त्या पलंगाला तो करू नका.

डोकं घासलेला स्क्रू आम्ही पुन्हा लावत नाही. बिल वाढवायला हे करतो असं कोणाला वाटू नये. बदली झाली, पलंग खोलायची वेळ आली की तोच स्क्रू निघत नाही आणि ड्रिलने डोकं उडवावं लागतं. पितळी स्क्रू तर सागात सहज तुटतो, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून आटे पाडायचे आणि मग पितळी लावायचा.

घरी जोडताना एवढं नक्की करा. स्क्रू भोकात ठेवून आधी हळूच उलटा फिरवा. जुन्या आट्यात बसला की हाताला 'टक्' लागतं. तिथून सुलटा आवळा, आणि शेवटचे दोन फेरे मशीनने नाही, पेचकसाने.

पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं, भोक मात्र भुसा झाल्यावर सागासारखं भरून येत नाही. ते आम्ही सामान घेण्याआधीच सांगतो.

आमच्याकडून खोलून पाठवलेल्या प्रत्येक सामानासोबत नव्या स्क्रूंची पुडी मोफत असते, चार जास्तीचे धरून. दुसरीकडून घेतलेलं सामान असलं तरी खुंटी बसवून देतो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना स्क्रूशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे माप कळतं.