थंड मुलखातील बागेत घायपातासारखे झाड लावताना

दक्षिण इंग्लंडमध्ये राहणारे आमचे अनेक मराठी ग्राहक रोपवाटिकेत येतात ते एका झाडाची आठवण मनात धरून. शेताच्या बांधावर उभे असलेले, निळसर करड्या रंगाच्या जाड पानांचे आणि टोकाला काटा असलेले घायपात त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते, आणि तशीच भरदार पाने आपल्या घरामागच्या बागेत दिसावीत अशी त्यांची इच्छा असते. ही इच्छा पूर्ण होण्यासारखी आहे. मात्र त्यासाठी नेमके कोणते रोप घ्यावे, हे तुमच्या बागेतील माती हिवाळ्यात किती ओली राहते यावर ठरते, आणि म्हणूनच रोप विकत घेण्यापूर्वी हे माहितीपत्रक सावकाश वाचावे अशी आमची विनंती आहे.

थंडीपेक्षा ओल अधिक घातक

पुण्यात वर्षभरात साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर लंडनमध्ये साधारण 600 मिलिमीटर. केवळ आकडे पाहिले तर लंडन अधिक कोरडे ठरते. परंतु पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, हवा उबदार असताना आणि झाडाची वाढ जोरात चालू असताना पडतो. लंडनचा पाऊस मात्र बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वाढ थांबलेली असल्याने मुळे ते पाणी ओढून घेत नाहीत व ऊन कोवळे असल्याने मातीही वाळत नाही. घायपाताचे मूळ घर मेक्सिको आहे आणि तेथेही पाऊस प्रामुख्याने उन्हाळ्यात येतो व हिवाळा कोरडा जातो. म्हणूनच कोरड्या मातीत जे रोप उणे 5 अंशांची रात्र निभावून नेते, तेच रोप चिखलात गोठणबिंदूच्या वरही कुजू शकते.

हे कुजणे बाहेरून लवकर लक्षात येत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस बाहेरची पाने अजून ताठ असतात, परंतु मधला गुंडाळलेला कोंब दोन बोटांत धरून हलके ओढला की तो अलगद हातात येतो. त्याचे बूड तपकिरी व बुळबुळीत झालेले असते आणि त्याला आंबूस वास येत असतो. या अवस्थेतील रोप सहसा वाचत नाही.

रोपाच्या पट्टीवर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची थंडी सोसण्याची श्रेणी दिलेली असते. त्यातील एच 3 म्हणजे उणे 5 अंशांपर्यंत आणि एच 4 म्हणजे उणे 10 अंशांपर्यंत. ही श्रेणी उपयोगी आहे, पण ती तुमच्या मातीविषयी काहीही सांगत नाही. त्यासाठी एक साधी चाचणी करावी. जानेवारीत वीतभर रुंद आणि दीड वीत खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी उरलेले दिसले, तर ती जागा घायपाताच्या जातीच्या झाडांसाठी नाही असे समजावे.

चिकणमातीच्या बागेसाठी

लंडन आणि आसपासच्या बहुतेक बागांत जड चिकणमाती असते. अशा ग्राहकांना आम्ही एरिंजियम अगाव्हिफोलियम सुचवतो. या नावाचाच अर्थ ‘घायपातासारख्या पानांचे’ असा आहे. ते मूळचे अर्जेंटिनाचे असून वर्षानुवर्षे टिकणारे आहे. जमिनीलगत पसरलेली, कडेला काटेरी दाते असलेली, चकचकीत हिरवी पाने पाहून ते घायपाताचेच भावंड वाटते. प्रत्यक्षात ते कोथिंबीर, जिरे आणि ओवा यांच्या कुळातील आहे. त्याची पाने मांसल नसतात, त्यामुळे त्यांत पाणी साठून गोठण्याचा प्रश्नच येत नाही आणि ओल धरणारी माती त्याला मानवते, फक्त हिवाळ्यात पाणी साचून राहू नये. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सुमारे सव्वा मीटर उंच दांड्यावर हिरवट पांढरी बोंडे येतात आणि त्यांवर मधमाश्यांची गर्दी होते. मोठी जागा असेल तर याच गटातील एरिंजियम पँडॅनिफोलियम पाहावे. त्याचे नाव केवड्याच्या पानांवरून पडले आहे आणि कोकणातील कोणीही ते साम्य लगेच ओळखेल.

निचरा चांगला असेल तर

वाळूमिश्रित किंवा उतारावरची जमीन असेल, तर आमची पहिली पसंती बेशोर्नेरिया युक्कॉइडिस या मेक्सिकोतील झाडाला आहे. त्याची पाने करडी, लांब आणि मऊ असतात व टोकाला टोचणारा काटा नसतो, त्यामुळे लहान मुले खेळतात त्या घरांसाठी ते घायपातापेक्षा निश्चित चांगले. वसंताच्या अखेरीस त्यातून पोवळ्याच्या रंगाचा, माणसाच्या उंचीचा, किंचित वाकलेला दांडा निघतो आणि त्यावर गुलाबी पत्रांच्या आडून हिरवी फुले लोंबतात. केळ घड देऊन संपते आणि मुनवे मागे राहतात, तसेच येथेही फुललेला गड्डा मरतो व शेजारचे फुटवे वाढत राहतात. डिसेंबर 2010 च्या कडाक्यात आमच्याकडील उघड्यावरच्या बेशोर्नेरियाची सर्व पाने मऊ पडून काळवंडली होती. आम्ही ती कापली, गड्डे उपटले नाहीत, आणि मे महिन्यात बुंध्यापासून नवे कोंब आले. म्हणून हिवाळ्यानंतर घाईने झाड काढून टाकू नये.

लागवडीसाठी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीचा पायथा निवडावा. डिसेंबरात लंडनला भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम 15 अंश असतो, पुण्याला तो 48 अंशांवर असतो. त्यामुळे येथे एखादे कुंपणही दिवसभर सावली धरते. वाफा एक हात उंच करावा, मातीत तितकीच बारीक खडी मिसळावी आणि रोप किंचित तिरके लावावे, म्हणजे पानांच्या मध्यात पाणी थांबत नाही.

कोरफड हवी असल्यास

घरगुती कोरफडीला गोठवणारी थंडी सोसत नाही, ती खिडकीतच ठेवावी. बागेसाठी दक्षिण आफ्रिका व लेसोथोच्या डोंगरांतील अ‍ॅलोअ‍ॅम्पेलॉस स्ट्रिॲट्युला हे पिवळ्या फुलांचे झुडूप घ्यावे. मात्र ते शोभेचे झाड आहे. त्याचा गर खाण्यासाठी किंवा त्वचेला लावण्यासाठी वापरू नये.

अगदी लहान जागेसाठी सेम्परव्हायव्हम पुरेसे आहे. युरोपातील डोंगरांत वाढणारी ही वनस्पती बर्फाखालीही टिकते, आणि सुमारे 1200 वर्षांपूर्वी शार्लमेन राजाच्या आज्ञापत्रात माळ्याने ती आपल्या घराच्या छपरावर लावावी असे नमूद केलेले होते.

तरीही खरे घायपातच हवे असेल, तर ते कुंडीत लावावे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कुंडी उजेडाच्या, पाऊस न लागणाऱ्या जागी ठेवावी आणि या काळात पाणी जवळजवळ देऊच नये. पाने कापताना हातमोजे व चष्मा वापरावा, कारण त्याच्या रसाने त्वचेची आग होते.

या सर्व रोपांची लागवड एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत करावी, म्हणजे पहिल्या हिवाळ्यापूर्वी मुळे धरतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. सेम्परव्हायव्हम वगळता यांपैकी कोणतेही रोप आम्ही ऑक्टोबर ते मार्च या काळात विकत नाही. त्या महिन्यांत आलात तर जागेचे छायाचित्र आणि मूठभर माती घेऊन यावे, आम्ही ती पाहून रोप सुचवू आणि ते तुमच्या नावाने वसंतापर्यंत पॉलिहाउसमध्ये राखून ठेवू.