आवाजी गृहपाठ

भाषा शिकणाऱ्याने नेमून दिलेल्या विषयावर बोलून आपला आवाज ऑनलाइन साधनात रेकॉर्ड करायचा आणि शिक्षकाने तो ऐकून अभिप्राय द्यायचा, अशी ही अध्यापनरीत आहे. तिची गरज साध्या हिशेबातून कळते. ४० मिनिटांच्या तासाला ४० मुले असली, तर शिक्षकाने तोंडच उघडले नाही तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते. लिहायला वही घरी नेता येते. बोलणे मात्र वर्गातच अडकून पडत असे.

टेपरेकॉर्डरच्या काळातील भाषा-प्रयोगशाळा ही या रीतीची पूर्वज. स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाच्या उड्डाणाने हादरलेल्या अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. परकीय भाषांसाठी पैसा आला आणि शाळाशाळांत हेडफोन लावलेल्या मुलांच्या रांगा बसल्या. पण तिथे ठरावीक वाक्येच घोकायची असत. मुलांना स्वतःचे असे काही सांगायचे नसे. पुढे कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवले, की वर्षानुवर्षे भाषा कानावर पडूनही बोलणे कच्चे राहू शकते. बोलताना शब्द अडतो, तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते उमगते.

आज यासाठी ऑनलाइन साधने आहेत. व्होकारू या संकेतस्थळावर बटण दाबून बोलायचे आणि लिंक पाठवायची, एवढेच काम. व्हॉइसथ्रेडवर एका चित्राभोवती साऱ्या वर्गाचे आवाज जमतात. मुलांचे छोटे व्हिडिओ गोळा करणारे, मिनेसोटा विद्यापीठात जन्मलेले फ्लिपग्रिड २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि पुढे फ्लिप या नावाने चालले; २०२४ मध्ये त्याचे स्वतंत्र रूप बंद झाले. म्हणून मुलांची रेकॉर्डिंग आपल्याकडेही उतरवून ठेवावीत. आपल्याकडे सर्वांत सोयीचा ठरतो तो व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज.

या रीतीचे खरे बळ पाठवण्याआधीच्या क्षणात आहे. मूल स्वतःचे बोलणे ऐकते, नापसंत करते, पुन्हा बोलते. त्या चार-पाच फेऱ्या शिक्षकाला दिसतही नाहीत. अमराठी भाषकाला ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा यांतला ‘ज’ वेगळा आहे, हे नियम वाचून पटत नाही. शिक्षकाचा आणि आपला आवाज पाठोपाठ ऐकला की पटते. ‘ळ’चेही तसेच. परदेशातील मराठी शाळांत, जिथे वर्ग बहुधा आठवड्यातून एकदाच भरतो आणि मुलांना मराठी कळते पण उत्तर इंग्रजीत येते, तिथे मधल्या दिवसांतला दोन मिनिटांचा आवाज मोलाचा ठरतो.

मुले लिहून काढतात आणि वाचून दाखवतात, ही नेहमीची अडचण. सपाट लयीवरून ते लगेच ओळखू येते. निबंधाचा विषय देण्याऐवजी चित्र द्यावे, किंवा आजीला प्रश्न विचारून तिचे उत्तर आपल्या शब्दांत सांगायला लावावे. ४० मुलांची दोन-दोन मिनिटे ऐकायलाच ८० मिनिटे लागतात. तेव्हा प्रत्येकाची एकच चूक धरावी आणि उत्तरही आवाजातच द्यावे.

भाषा किती येते हे ठरवणाऱ्या युरोपीय भाषा-चौकटीत (सीईएफआर) सलग बोलणे आणि संवाद साधणे ही दोन वेगळी कौशल्ये मानली आहेत. आवाजी गृहपाठ पहिले घडवतो. समोरच्याचे बोलणे तोडणे, सावरणे, लगेच उत्तर देणे यांसाठी माणूसच समोर लागतो. आवाजावरून व्यक्ती ओळखता येते, हेही विसरू नये. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.