पार्श्वभूमी : पेजशिवायचा प्लांट

लेड झेपलिन हा ब्रिटिश रॉक बँड पुन्हा एकत्र का येत नाही, हा विषय निघाला की खापर हमखास गायक रॉबर्ट प्लांटच्या डोक्यावर फुटतं. गिटारवादक जिमी पेज तयार, बासवादक तयार, दिवंगत ड्रमरचा मुलगा तर कधीचा कमरेला काठ्या खोचून बसलेला. अडून राहिलाय तो गायक. २००८ मध्ये त्याने दौऱ्याला नकार दिला तेव्हापासून हा आरोप चालू आहे. त्याचा खरेखोटेपणा तपासायचा तर आधी हे पाहायला हवं की पेजपासून दूर असताना प्लांटचा गळा कुठकुठे फिरून आला होता.

दोघांमधली कामाची वाटणी साधारण ठरलेली होती. रिफ (गिटारवर फिरून फिरून येणारी ओळ) आणि गाण्याचा सांगाडा पेजचा, शब्द प्लांटचे. १९६९ च्या पहिल्या अल्बमवर गीतकार म्हणून प्लांटचं नावच नाही, कारण त्याचा जुना करार दुसऱ्या कंपनीशी होता. पुढे ही जोडी बँडची मुख्य लेखणी झाली. त्या काळातलं त्याचं गाणं म्हणजे गिटारशी चाललेला सवाल-जवाब. पेजने तार खेचून एक फ्रेज टाकायची, प्लांटने ती तशीच गळ्यातून परत करायची, वर आणखी एक चढी हरकत. गिटारच्या आवाजावर मात करायची म्हणजे पट्टी वरचीच लागणार. पंचविशीच्या आतल्या पोराला ते झेपलं. १९७३ नंतरच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकली तर तोच गायक वरचे सूर टाळून खालून वाट काढताना ऐकू येतो.

दोघांना एक आवड समान होती, ती म्हणजे पूर्वेची. १९७२ मध्ये दोघेच मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन जुनी गाणी, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’, नव्याने ध्वनिमुद्रित करून पाहिली. त्या फिती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. ‘काश्मीर’ या त्यांच्या गाण्याचे शब्द मात्र दक्षिण मोरोक्कोतल्या वाळवंटी रस्त्यावर सुचले. तोवर दोघांपैकी कुणीही काश्मीर पाहिलेलं नव्हतं, पण आपल्याकडच्या रॉकवाल्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

प्लांटचा १९७५ चा ग्रीसमधला मोटार अपघात, पुढचा अल्बम चाकाच्या खुर्चीत बसून गाणं, १९७७ मध्ये पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू हे सगळं अनेकदा लिहून झालं आहे. आपल्या विषयापुरती त्यानंतरची एक गोष्ट महत्त्वाची. १९७९ च्या अल्बमवरच्या दोन गाण्यांच्या श्रेयात पेजचं नाव नाही. ती प्लांट आणि बासवादक यांची आहेत. त्यातलं एक गेलेल्या मुलासाठी आहे. संथ आहे, कीबोर्डवर उभं आहे, आणि प्लांट त्यात जवळजवळ कुठेच ओरडत नाही. सप्टेंबर १९८० मध्ये ड्रमर गेला आणि डिसेंबरमध्ये बँड संपल्याचं निवेदन आलं. म्हणजे वाटा वेगळ्या व्हायची सुरुवात बँड असतानाच झाली होती.

पहिल्या एकल अल्बमपासून (१९८२) प्लांटपुढे पेच असा की तो शब्द लिहितो, गातो, पण सांगाडा दुसऱ्या कुणीतरी उभा करून द्यावा लागतो. त्यामुळे जोडीदार बदलला की त्याची शैली बदलते. नवा गिटारवादक पेजच्या मानाने कमी बोलणारा आणि स्वच्छ वाजवणारा होता, म्हणून १९८३ च्या ‘बिग लॉग’मध्ये प्लांटही जवळजवळ कानाशी येऊन गायला. १९८४ मध्ये १९५० च्या दशकातल्या धाटणीच्या गाण्यांची एक छोटी तबकडी त्याने हौस म्हणून काढली. तिच्यावरचं ‘सी ऑफ लव्ह’ हे मऊ प्रेमगीत अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पेज त्या तबकडीवर पाहुणा म्हणून वाजवून गेला होता. १९८५ च्या अल्बममध्ये सिंथेसायझरचा इतका मारा झाला की आज तो ऐकायला चिकाटी लागते. या सुरुवातीच्या दौऱ्यांत त्याने झेपलिनचं एकही गाणं म्हणायचं नाही असा पण केला होता.

तो पण १९८८ मध्ये सुटला. आपल्याच बँडच्या जुन्या रेकॉर्डमधले तुकडे कापून त्याने नव्या गाण्यात बसवले आणि वर पेजलाही वाजवायला बोलावलं. मधल्या काळात १९८५ चा लाइव्ह एड हा मदतनिधीचा कार्यक्रम आणि १९८८ चा न्यूयॉर्कचा कार्यक्रम असे दोनदा सगळे एकत्र आले. दोन्ही वेळा फजिती झाली. लाइव्ह एडचा तो भाग पुढे अधिकृत डीव्हीडीवर घेऊच दिला नाही, यातच सगळं आलं.

१९९४ ला पेज आणि प्लांट पुन्हा जोडीने उभे राहिले; बासवादकाला मात्र कुणी साधं विचारलंही नाही. जुनी गाणी माराकेशच्या वादकांबरोबर, वेल्सच्या डोंगरात आणि इजिप्शियन ताफा घेऊन पुन्हा बांधली गेली. १९७१ मध्ये एका इंग्लिश लोकगायिकेने प्लांटबरोबर म्हटलेलं गाणं या वेळी भारतीय वंशाच्या गायिकेने म्हटलं. हे काम फार सुंदर आहे, आणि माझ्या मते दोघांच्या जोडीचं शेवटचं खरं शिखर तेच. १९९८ चा नव्या गाण्यांचा अल्बम त्यापुढे कोरडा वाटतो. तो दौरा संपला आणि प्लांट बाजूला झाला. स्टेडियम सोडून एका अनोळखी नावाच्या लोकसंगीत बँडबरोबर तो लहानसहान जागी गाऊ लागला. जानेवारी २००३ मध्ये तो मालीच्या वाळवंटातल्या महोत्सवात होता.

आता २००७. ऑक्टोबरमध्ये ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताची गायिका आणि फिडल (व्हायोलिन) वाजवणारी ॲलिसन क्रॉस हिच्याबरोबरचा त्याचा अल्बम आला. १० डिसेंबरला लंडनमध्ये लेड झेपलिन एका रात्रीसाठी उभं राहिलं. वीसेक हजारांच्या सभागृहासाठी दोन कोटी अर्ज आल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं. पेजचं बोट मोडल्याने तारीख दोन आठवडे पुढे गेली होती, तरी वाजवण्यात कुठे कसर नव्हती. बरीच गाणी मूळ पट्टीच्या खाली उतरवून घेतली होती. प्लांटने आपल्या साठीजवळच्या गळ्याला काय जमतं याचा हिशेब आधीच करून ठेवला होता. कार्यक्रम इतका जमला की दौरा होणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं.

प्लांटने २००८ चं साल क्रॉसबरोबरच्या दौऱ्यात घालवलं आणि सप्टेंबरात निवेदन काढून सांगितलं की आपण झेपलिनबरोबर दौरा करणार नाही. उरलेल्या तिघांनी दुसऱ्या गायकांना घेऊन तालमी करून पाहिल्या. २००९ च्या जानेवारीत तोही नाद सोडला. पुढे २०१३ मध्ये एका मुलाखतीत प्लांटने चेंडू उलट टोलवला: ते दोघे मकर राशीचे, तोंडातून शब्द काढत नाहीत, खलनायक मी नाही, आणि २०१४ ला मी मोकळाच आहे. (पेज आणि बासवादक दोघेही जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांत जन्मलेले, म्हणून ही मकर रास. आपल्या पंचांगाप्रमाणे सूर्य तेव्हा धनू राशीत असतो, पण टोमणा तोच.) त्यानंतरच्या वर्षी पेज उघडपणे वैतागला, आपण गात नाही, तेव्हा आपल्या हाती काय, असा त्याचा सूर होता. कोट्यवधी डॉलरचा करार प्लांटने फाडून टाकल्याची बातमीही त्याच सुमारास पसरली. प्लांटच्या बाजूने ती साफ नाकारली गेली, पण ती आजही लोक डोळे झाकून पुढे ढकलतात.

या सगळ्यात प्लांट धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. ‘मी मोकळा आहे’ म्हणायचं, आणि कुणी खरंच विचारलं की नवा दौरा जाहीर करायचा, हा खेळ तो खेळलाच. पण ‘नकार म्हणजे माज’ हे समीकरण पटत नाही, कारण गळ्याच्या बाजूने पाहिलं तर तो तेव्हा एक अगदी वेगळं काम शिकत होता. आयुष्यभर एकट्याने गायलेला माणूस पहिल्यांदाच दुसऱ्या गळ्याला गळा लावून गात होता. १९७१ च्या त्या गाण्यात दोघे मुख्यतः आळीपाळीने गायले होते. इथे सोबत सुटून चालणार नव्हतं. क्रॉसबरोबर गाताना ओळ दर वेळी त्याच जागी उचलायची, त्याच जागी सोडायची, मनाला येईल तिथे हरकत घ्यायची नाही. हे आपल्याला अवघड गेलं, ते तिने शिकवलं, असं त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं.

‘प्लीज रीड द लेटर’ हे गाणं दोन्ही रूपांत लागोपाठ ऐकावं. १९९८ च्या पेज-प्लांट अल्बमवर ते विजेच्या गिटारींच्या भिंतीसमोर आहे, आणि भिंत ओलांडायला गायकाला आवाज फेकावा लागतो. २००७ मध्ये लय उतरली आहे, ढोल सावकाश आणि जड पडतो, फिडल मध्येच डोकं वर काढतं. प्लांट खालच्या सुरात ओळ धरून ठेवतो आणि क्रॉस तिच्यावर आपली ओळ ठेवते. ‘पत्र वाच’ ही विनंती पहिल्या रूपात मागणी वाटते, दुसऱ्यात खरोखर विनंती. फेब्रुवारी २००९ च्या ग्रॅमीमध्ये या दुसऱ्या रूपाला वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान मिळाला, आणि अल्बमला त्यासह पाच पुरस्कार. रेकॉर्डचा हा पुरस्कार गाणाऱ्यांना आणि निर्मात्याला मिळतो, लिहिणाऱ्यांना नाही. लिहिणाऱ्यांत पेजचं नाव होतं. पेजला सोडून गेल्याबद्दल प्लांटवर टीका चालू होती, आणि त्याला सगळ्यात मोठी दाद मिळाली ती पेजबरोबर लिहिलेल्या गाण्यावर. टीकाकार ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

पेजची बाजू थोडक्यात सांगता येते. गिटारवादकाला गायक लागतो. १९८० च्या दशकात दुसऱ्या एका बँडबरोबर काढलेले दोन अल्बम, १९८८ चा एक एकल अल्बम, १९९३ मध्ये दुसऱ्या गायकाबरोबरचा एक, असं थोडंफार सोडलं तर त्याने आपला बराच वेळ झेपलिनच्या जुन्या फिती साफ करून पुन्हा काढण्यात घालवला. २०१४-१५ ची मालिका हे त्या मेहनतीचं फळ. मुंबईच्या फिती त्यातूनच बाहेर आल्या. ते काम त्याच्याशिवाय कुणी केलं नसतं. पण दोघांपैकी एक जण घर सांभाळत राहिला आणि दुसरा बाहेर पडला, हे त्यावरून दिसतंच.

प्लांटची पुढची वाटचाल त्याच दिशेची. २०१४ च्या अल्बमवर गांबियाच्या वादकाची एकतारी फिडल इंग्लिश गिटारींच्या शेजारी वाजते आणि प्लांट बहुतेक वेळ मध्यसप्तकात, बोलल्यासारखा गातो. २०२१ मध्ये क्रॉसबरोबरचा दुसरा अल्बम आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सरविषयीच्या एका निधी कार्यक्रमात त्याने ‘स्टेअरवे टू हेवन’ म्हटलं, २००७ नंतर पहिल्यांदाच. बातमी आली आणि ‘आता दौरा’ची चर्चा पुन्हा सुरू झाली. तेव्हा तो इंग्लंडमधल्याच एका गायिकेला बरोबर घेऊन बांधलेल्या छोट्या ताफ्याबरोबर नाट्यगृहांमधून गात होता. त्या ताफ्याचा अल्बम २०२५ च्या सप्टेंबरात आला. गाणी बहुतेक दुसऱ्यांची आणि पारंपरिक आहेत, आणि मुख्य ओळ अनेकदा ती गायिका घेते. प्लांट खाली सूर धरतो.