कोंड्याबरोबर काय गेलं?

आजार होतो तो शरीरात काहीतरी शिरल्यामुळे, ही समजूत आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे. पोट भरलेलं असूनही काहीतरी न मिळाल्यामुळे माणूस मरतो, हे शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला विसावं शतक उजाडावं लागलं.

एकोणिसाव्या शतकात अन्नाचा हिशेब सोपा होता: प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कर्बोदकं, क्षार आणि पाणी. १८८१ मध्ये निकोलाय लुनिन याने दुधातल्या याच घटकांचं मिश्रण उंदरांना दिलं. ते मेले, दुधावरचे मात्र जगले. तरीही त्या हिशेबाला फारसा धक्का लागला नाही.

त्याच काळात वाफेच्या गिरण्या तांदूळ पांढराशुभ्र करून देऊ लागल्या आणि आशियात बेरीबेरी फोफावला. पाय बधिर होत, चाल लटपटे, शेवटी हृदय थकून जाई. जपानी आरमाराच्या एका जहाजावर ३७६ पैकी १६९ जणांना तो झाला, २५ दगावले. आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी पुढच्या सफरीत शिधा बदलला आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. कारण मात्र त्यांनी प्रथिनांची कमतरता असं चुकीचं धरलं.

जावा बेटावर डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन बेरीबेरीचा जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगातल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढरा भात घालत होते. नव्या आचाऱ्याने तो द्यायला नकार दिला, म्हणून कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला होता. मला या आचाऱ्याबद्दल फार कृतज्ञता वाटते. नंतर अॅडॉल्फ फोर्डरमन यांनी जावातल्या सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. पांढरा भात खाणाऱ्या कैद्यांमध्येच आजार कितीतरी जास्त होता.

तरी आइकमनना वाटत राहिलं, की भातात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. विष नाहीच, कोंड्याबरोबर काहीतरी आवश्यक निघून जातंय, हे १९०१ मध्ये त्यांचं काम पुढे नेणाऱ्या खेरिट ग्राइन्स यांनी मांडलं. ते द्रव्य म्हणजे थायमिन, ब१ जीवनसत्त्व. प्रौढाला दिवसाला साधारण मिलिग्रॅमभर पुरतं. पण कर्बोदकांतून ऊर्जा काढायला शरीराला तेच लागतं, म्हणून नुसत्या पांढऱ्या भातावर जगणाऱ्याची गरज वाढते आणि पुरवठा मात्र आटतो. ऊर्जेवाचून पहिल्यांदा हाल होतात ते मज्जातंतूंचे आणि हृदयाचे.