पाच किलोंचं विमान आणि अटलांटिक

घरी रेडिओवर उडणारी छोटी विमानं बनवायचा नाद ज्याला लागतो, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या विमानानंतर हमखास एक खुमखुमी येते: पुढचं दुप्पट मोठं करायचं. थर्माकोल तोच, मोटर जरा दणकट, पंख दीड मीटरऐवजी तीन मीटर. कागदावर सगळं सोपं दिसतं.

पण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दुप्पट केल्या की पंखांचं क्षेत्रफळ होतं चौपट आणि वजन आठपट. दीड किलोचं विमान बारा किलोंचं होतं, आणि पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आधीच्या दुप्पट ओझं येतं. मग हवेत टिकायला वेगही सुमारे १.४ पट लागतो. धाकटं विमान ताशी २७ किलोमीटरपर्यंत मंदावूनही तरंगत असेल, तर थोरलं ३८च्या खाली आलं की पडलंच. पंख मुळाशी वाकवणारा जोर सोळापट वाढतो, मात्र तो पेलणारी आतली पट्टी आठपटच मजबूत होते. म्हणून मग पाइनच्या पट्ट्या घाला, कार्बनच्या नळ्या घाला. त्यांचं वजन पुन्हा वेगळं. जाणकार मंडळी पहिल्या उड्डाणाआधी विमान उलटं करून पंखांवर वाळूच्या पिशव्या रचतात आणि कुठे ‘कर्र’ वाजतंय का, ते कान देऊन ऐकतात. साठ अंश कलून वळण घेतलं तरी पंखांवर दुप्पट भार येतो, तेव्हा पिशव्यांची काटकसर करू नये. ताशी ५४ किलोमीटरने येणारं बारा किलोंचं विमान अंगावर आलं, तर चौथ्या मजल्यावरून तेवढ्याच वजनाचं तांदळाचं पोतं पडल्यासारखं आहे.

मोठेपणाचे फायदेही आहेत. वाऱ्याच्या झोताने थोरलं विमान तेवढं डगमगत नाही आणि रुंद पंखावरून हवा जास्त सुरळीत वाहते. तरीही हौशी विमानांतलं मला सर्वांत थोर वाटणारं विमान मोठं नव्हतं. वजनाच्या काट्यावर ते पाच किलोंच्या आत होतं, तेही इंधनासकट.

ते बनवलं अमेरिकेतल्या मेनार्ड हिल यांनी. पेशाने धातुशास्त्रज्ञ, आणि मॉडेल विमानांचे विक्रम करणं हा आयुष्यभराचा छंद. अशा विमानाने अटलांटिक महासागर ओलांडायचं खूळ त्यांनी डोक्यात घेतलं, ते म्हातारपणी. २००३ साली ते ७७ वर्षांचे होते, दृष्टी जवळजवळ गेलेली, ऐकूही फार कमी यायचं. त्याआधी १९९८ मध्ये १३ किलोंचं ‘लायमा’ नावाचं मानवरहित विमान अटलांटिक पार करून गेलं होतं, पण त्यामागे एक कंपनी आणि एक विद्यापीठ होतं. हिल यांना करायचं होतं मॉडेल विमानाच्या नियमांत बसणारं, आणि आंतरराष्ट्रीय विक्रमासाठी नियम होता पाच किलोंचा. मोठं करायची पळवाटच बंद.

राहिली वाट एकच: विमानाचं वजन कमी करा आणि वाचलेला प्रत्येक ग्रॅम इंधनाला द्या. बाल्साचं अगदी हलकं लाकूड, वर प्लास्टिकची पातळ फिल्म, पंखांचा पसारा सुमारे १.८ मीटर. टाकी भरली की एकूण वजनातलं जवळजवळ निम्मं इंधनच. वाटेत निम्मं वजन जळून जाणार असेल, तर टाकी विमानाच्या तोलाच्या जागीच बसायला हवी. नाहीतर मध्यरात्री समुद्रावर नाक वर होतं किंवा शेपूट. शिवाय हलकं होत जाणारं विमान सारखं वर चढू पाहतं. त्याला ठरलेल्या उंचीवर, सुमारे ३०० मीटरवर, धरून ठेवायचं काम ऑटोपायलटचं, म्हणजे विमान आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचं. दिशा जीपीएस दाखवणार.

इंजिन होतं १० सीसीचं, म्हणजे आपल्या शंभर सीसीच्या मोटारसायकलच्या दहावा हिस्सा. इंधन कॅम्पच्या कंदिलात आणि स्टोव्हमध्ये घालतात ते, आपलं रॉकेल नव्हे. सपाट उडताना एवढ्या विमानाला लागणारी ताकद, माझ्या ढोबळ हिशेबाने, छताच्या एक-दोन पंख्यांएवढी. आपल्याकडचा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देतं?’ असाच असणार, तर उत्तर आहे: लिटरला आठशे किलोमीटरच्या वर.

आधीचे प्रयत्न फसले होते, विमानं समुद्रात गेली होती. ९ ऑगस्ट २००३च्या संध्याकाळी, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर इथून, हिल यांनी पाचवं विमान स्वतःच्या हाताने फेकलं. जमिनीवरून रेडिओने ते वर चढवलं गेलं, ऑटोपायलट चालू झाला आणि विमान दिसेनासं झालं. (भारतात आज ही हौस बेकायदा ठरेल. आपल्या २०२१च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेल २५ किलोंपर्यंत चालतं, पण ते डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात उडवायचं.) मधे काही तास उपग्रहामार्फत येणारी माहितीही थांबली. तेवढा वेळ विमान हवेत आहे की पाण्यात, हे सांगायला कुणीच नव्हतं.

उतरायची जागा होती आयर्लंडच्या क्लिफ्डन गावाजवळची. १९१९ मध्ये न थांबता अटलांटिक पार करणारं पहिलं विमान, अल्कॉक आणि ब्राउन यांचं, याच परिसरात एका दलदलीत नाक खुपसून थांबलं होतं. ११ ऑगस्टला दुपारी तिथे जमलेल्या लोकांना आकाशात एक ठिपका दिसला. डेव्ह ब्राउन या हिल यांच्या सहकाऱ्याने रेडिओवर ताबा घेऊन विमान खाली आणलं. ३८ तास ५२ मिनिटं, सुमारे ३,०२८ किलोमीटर. टाकीत उरलेलं इंधन चहाच्या अर्ध्या कपाएवढं. हिल तेव्हा समुद्राच्या पलीकडे, कॅनडातच होते. विमान उतरल्याचं त्यांना फोनवरून कळलं.