मुलांसोबत दीड मिनिटाची चित्रगोष्ट : संच उघडण्यापूर्वी वाचा

संच घेतलेल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी हे पत्रक आहे. संचात मोबाइल धरणारा स्टँड, दोन लहान दिवे, वायरचा कॉलर माइक आणि सहा चौकटींचे कोरे तक्ते आहेत. तयार कार्टूनसमोरही मूल तासभर हलत नाही, पण तिथे त्याला काहीच ठरवावं लागत नाही. इथे गोष्टीतलं सगळं मुलाने ठरवायचं आणि बटणं तेवढी तुम्ही सांभाळायची.

मोबाइल आधी बाजूला ठेवा

सुरुवात तक्त्यावर. पहिल्या चौकटीत कोण आहे आणि त्याला काय हवंय, दुसरीत अडचण, तिसरी-चौथीत दोन फसलेले प्रयत्न, पाचवीत जमलेला प्रयत्न, सहावीत शेवट. ‘मुंगीला डबकं ओलांडायचंय’ एवढा विषय पुरतो. फसलेला प्रयत्न एकच ठेवला तर गंमत यायच्या आत गोष्ट संपते; चार ठेवले तर चित्रं काढता काढता मूल कंटाळतं. तात्पर्य आपण घुसडू नये. मुंगी शेवटी डबक्यात पडून पोहायला शिकली, तर शिकू द्या.

एका चौकटीला १५ सेकंद धरा. सावकाश बोलणारं मूल तेवढ्यात साधारण २० ते २५ शब्द बोलतं.

चित्रासाठी ए-फोर कागद आडवा घ्या, पण पूर्ण वापरू नका. त्यावर २४ बाय १३.५ सेंटिमीटरची चौकट आखा आणि चित्र तिच्या आत काढायला सांगा. व्हिडिओचा पडदा १६:९ असतो, कागद त्यापेक्षा उंच. चौकट नसेल तर कुणाचं डोकं तरी कापलं जातं, आणि मुलं नेमकं तेच पाहतात. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, कारण मेणाच्या खडूवर तो चकाकतो. दोन्ही दिवे डावी-उजवीकडून तिरके लावा.

आवाज

सर्वाधिक व्हिडिओ इथेच फसतात. अंधुक चित्र मुलं चालवून घेतात, पण शब्द कळले नाहीत की उठून जातात. पंखा बंद करा, पडदे ओढा. माइक हनुवटीखाली सुमारे १५ सेंटिमीटरवर, किंचित बाजूला लावा. अगदी तोंडासमोर धरला तर ‘फ’, ‘भ’, ‘ख’ म्हणताना हवेचा फटका बसतो आणि फट्‌ असा आवाज येतो. ब्लूटूथ हेडसेट वापरू नका. त्याच्या माइकने आवाज बहुधा दबका येतो.

बोलण्याआधी पाच सेकंद सगळे गप्प बसा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरला खोलीची घरघर ओळखून कमी करायला हा रिकामा तुकडा लागतो. घरघर फार कापली तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, तेव्हा हात आखडता ठेवा.

मुलाला लिहिलेलं वाचायला लावलं की सूर सपाट होतो. कागद काढून घ्या, चित्र समोर ठेवा आणि समोरच्या माणसाला सांगायला लावा. एकेक चौकट वेगळी रेकॉर्ड करा, म्हणजे चूक झाली तरी तेवढीच पुन्हा करता येते. ‘मग ना’, ‘आणि ना’ कापू नका. त्यावरच मुलांची लय चालते.

चित्र हलवायचं असेल तर

आठ वर्षांपुढच्या मुलांना स्टॉप मोशन जमतं : वस्तू थोडी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. वेग सेकंदाला १० फोटो ठेवा. दर फोटोला अर्धा सेंटिमीटर सरकवलं तर ४२ सेंटिमीटर रुंद ए-थ्री कागद ओलांडायला मुंगीला ८४ फोटो, म्हणजे आठ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. मुलांना हा हिशेब आधीच दाखवा, नाहीतर पहिल्या वीस फोटोंनंतर ‘एवढंच?’ म्हणून उत्साह गळतो. पूर्ण गोष्ट हलवायच्या फंदात पडू नका, एखादी चौकट पुरे.

व्हिडिओ लुकलुकतो तो बहुतेकदा कॅमेऱ्यामुळे. फोनचा कॅमेरा दर फोटोला उजेड आणि फोकस नव्याने ठरवतो. मुलाचा पांढरा शर्ट जवळ आला तरी चित्र काळवंडतं. बऱ्याच फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की दोन्ही पक्के होतात. खिडकी झाका, फोन विमान मोडवर टाका, कागद चारही कोपऱ्यांवर चिकटवा.

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर हे मोफत अॅप बरं. त्यात सूचनांचे ठोकळे ओळीने जोडून चित्रातली पात्रं हलवायची असतात. ठोकळ्यांवर चित्रं असल्याने वाचता येण्याची गरज नाही. त्यात एका प्रकल्पाला चारच पानं मिळतात, म्हणून सहा चौकटी चारात बसवा (फसलेला प्रयत्न एकच ठेवा, शेवट पाचवीसोबत जोडा). गोष्ट पहिल्या पानावरच थांबली तर ठोकळ्यांच्या ओळीच्या शेवटी पुढच्या पानाचा ठोकळा लावायचा राहिला आहे. ओळीतले ठोकळे एकामागून एक चालतात. मुंगीने चालता चालता बोलायला हवं असेल तर दोन वेगळ्या ओळी करा आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला हिरव्या झेंड्याचा ठोकळा लावा.

दाखवताना

वाचता न येणाऱ्या मुलांसाठी पडद्यावर मजकूर नको. नुकतं वाचू लागलेल्यांसाठी पाच-सहा शब्दांची एक ओळ, चार सेकंद. फॉन्ट युनिकोडच घ्या आणि एखादं जोडाक्षर तपासून पाहा. काही अॅपमध्ये ‘क्ष’ आणि रफार फुटतात.

दुसऱ्या आणि चौथ्या चौकटीनंतर व्हिडिओ थांबवा. ‘मुंगीचा रंग कोणता?’ विचारू नका, त्याने पुढचं काहीच सुचत नाही. ‘आता ती काय करेल?’ विचारा. मूल ‘पान’ म्हणालं तर ‘हो, पिवळ्या पानावर बसून पलीकडे जाईल’ असं वाक्य वाढवा आणि त्याला पुन्हा म्हणू द्या. १९८८ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या संवादी वाचनाची ही पद्धत, इथे पुस्तकाऐवजी व्हिडिओला लावलेली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत हवा, आणि कमी असेल तितकं चांगलं. या वयाच्या मुलांसोबत तक्ता आणि आवाज एवढंच करा, व्हिडिओ सोडून द्या.

फाइल इतरांना पाठवणार असाल तर मुलाचा चेहरा, पूर्ण नाव, शाळा त्यात नको. सिनेमाचं गाणं मागे लावू नका. टाळ्या आणि चमचा-वाटीचा आवाज मुलं स्वतः करतात. व्हिडिओ एमपीफोर, ७२०पी मध्ये काढा, त्याहून मोठी फाइल उगाच जड होते.

स्टँडची पकड सैल झाली तर मागचा स्क्रू हाताने घट्ट करा, पक्कड लावू नका. आटे प्लास्टिकचे आहेत.